पेटीतल्या निगेटिव्हज आणि घरचा स्कॅनर

(मंडळाच्या वाचनालयात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना पडद्यावर दाखविलेली चित्रे येथे देता आलेली नाहीत.)



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून दोघा-तिघांनी आम्हांला दारातच विचारले, "हे कॉम्प्युटरचे व्याख्यान आहे काय?" कॉम्प्युटर त्यात आहे, पण फार थोडा. आम्ही चौघे सभासद गेली दोन-अडीच वर्षे दर रविवारी याच खोलीत बसून जुन्या निगेटिव्हज स्कॅन करीत आहोत. आमच्यापैकी कोणीही छायाचित्रकार नाही. एक निवृत्त शिक्षक, एक बँकेत कारकून, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि एक वायरमन असे आमचे पथक आहे. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, चुका करून शिकलेली माणसे म्हणून आम्ही बोलणार आहोत.

सुरुवात एका पत्र्याच्या पेटीपासून झाली. आपल्या वस्तीत पूर्वी एक फोटोवाले काका होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लग्न असो, शाळेची सहल असो, सभा असो की मयत असो, काका सायकलवरून यायचे. ते गेल्यानंतर त्यांच्या मुलाने घर दुरुस्तीला काढले, तेव्हा माळ्यावर ही पेटी निघाली. भंगारवाला दारात उभाच होता. योगायोगाने आमच्यातील वायरमन तेथे कामावर होते, म्हणून पेटी इकडे आली. तिच्यात बटर पेपरच्या पाकिटांत भरलेल्या साधारण साडेआठशे चौकटी होत्या. बहुतेक कृष्णधवल, १२० नंबरच्या रुंद फिल्मवरच्या, म्हणजे चौकोनी. बाकीच्या ३५ मिलिमीटरच्या अरुंद पट्ट्या. आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतील थोड्या रंगीत स्लाइड्स.

विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी निगेटिव्ह हातात धरलेली नाही. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरीत. एका रोलवर बारा किंवा छत्तीस फोटो निघत. रोल संपला की तो धुवायला द्यायचा आणि मग हव्या त्या फोटोंच्या कॉप्या काढायच्या. निगेटिव्हमध्ये उजेड असेल तेथे काळे आणि काळे असेल तेथे उजेड दिसतो. पांढरे लुगडे काळेभोर दिसते आणि काळे केस पांढरे. कॉपी काढताना ते पुन्हा उलटते. स्लाइडमध्ये मात्र चित्र सरळच असते. ती पडद्यावर टाकण्यासाठी असते.

आता येथे एक गोष्ट आहे, जी पेटी उघडेपर्यंत आमच्याही ध्यानात आलेली नव्हती. कॉपीला पैसे पडत. फिल्मही स्वस्त नव्हती. परदेशी मालाच्या आयातीवर बंधने होती. उटीला १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्याची 'इंदू' फिल्म पुढे घरोघर पोहोचली, पूर्व जर्मनीची 'ओर्वो'ही मिळे. तरी गरिबाच्या घरी बारा फोटोंपैकी दोन, फार तर तीन कॉप्या निघत. म्हणजे नवरा-नवरीचा एक आणि सगळ्या गणगोताचा एक. उरलेल्या नऊ-दहा चौकटी पाकिटात तशाच राहिल्या. त्या कोणीही कधी पाहिलेल्या नाहीत, ज्यांचे फोटो आहेत त्यांनीसुद्धा नाही. आपल्या घरातील जुने फोटो म्हणजे भिंतीवर लावलेले आणि ट्रंकेत ठेवलेले एवढेच, असे आपण समजतो. खरा साठा निगेटिव्हमध्ये असतो.

चित्र घेणारा एक माणूस वेळेवर हजर असणे किती मोलाचे असते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची जी अंत्ययात्रा निघाली, तिचे चलच्चित्रण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्यांनी कॅमेऱ्यात फिल्म भरली म्हणून तो जनसागर हलता-चालता दिसतो. पण चित्र घेणे हे अर्धे काम आहे. घेतलेली फिल्म टिकवणे हे दुसरे अर्धे, आणि ते बहुधा कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते.

फिल्म कशी नासते ते पाहू. फार जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती अतिशय ज्वालाग्राही; पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा जळाला. १९५० च्या सुमारास ही फिल्म बंद होत गेली, त्यामुळे घरगुती पेट्यांत ती क्वचितच सापडेल. फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' असे छापलेले असले की ती नायट्रेटची नाही हे समजावे. मात्र सेफ्टी फिल्म सुरक्षित असली तरी अमर नाही. ती ॲसिटेटची असते आणि उष्णता व दमट हवा यांनी तिचे विघटन होऊन त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटू लागते. पेटी उघडताच आंबूस वास नाकात गेला तर तो हाच रोग. हे आम्ल पुन्हा फिल्मलाच खाते, म्हणून एकदा सुरू झालेली नासाडी वाढत्या वेगाने होते. फिल्म आक्रसते, वाकते, शेवटी चित्राचा थर सुरकुत्या पडून सुटतो. गंमत अशी की, ट्रायॲसिटेट फिल्म १९४८ साली बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आत तिच्या नासण्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून. आपल्या हवेने कंपनीला हा रोग दाखवून दिला. आणि आपण ठेवतो कोठे, तर पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात! घट्ट डब्यात सुटलेले आम्ल बाहेर जात नाही, शेजारच्या चांगल्या पट्टीलाही लागते.

दुसरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात जिलेटिनच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. तिला पाण्याने पुसायला जाऊ नये. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि बुरशीबरोबर चित्रही निघून येते. एका पट्टीवर आम्ही हा प्रयोग केलेला आहे. दुसऱ्या कोणी करू नये.

आता स्कॅनर. आमची पहिली चूक हसण्यासारखी आहे. ओळखीच्या एका कार्यालयात कागदाच्या झेरॉक्सचे आणि स्कॅनचे एकत्र यंत्र होते, त्याच्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने पट्टी ठेवली, झाकण लावले, बटण दाबले, आणि पडद्यावर काळी पट्टी आली. तीनदा दाबले, तीनदा काळी. कागद उजेड परत फेकतो, त्या उजेडावर साधा स्कॅनर चालतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो. म्हणून झाकणातही दिवा असलेला स्कॅनर लागतो. असे सपाट स्कॅनर मिळतात, त्यांच्याबरोबर पट्ट्या आणि स्लाइड्स बसवण्याच्या प्लॅस्टिकच्या चौकटीही येतात. फक्त ३५ मिलिमीटरसाठी वेगळे छोटे फिल्म स्कॅनर असतात, ते जास्त बारकावा टिपतात. पण त्यांत १२० ची रुंद फिल्म बसत नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंच्या पेट्यांत तीच जास्त. आम्ही वर्गणी काढून सपाटच घेतला, तोही वापरलेला. वापरलेला घेताना चौकटी सोबत आहेत का हे आधी पाहावे. आमच्या यंत्राची एक चौकट तुटकी निघाली, ती वायरमननी पत्र्याची पट्टी लावून नीट केली. जुन्या स्कॅनरला नव्या कॉम्प्युटरचा आज्ञावली-संच मिळत नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते; त्यावर 'व्ह्यूस्कॅन'सारखी वेगळी सॉफ्टवेअरे आहेत, ती जुनी यंत्रे चालवतात.

किती बारकाव्याने स्कॅन करावे, यावर आमच्यात भांडणे झाली. डब्यावर ६४०० डीपीआय असे छापलेले असते. तो आकडा दुकानदारासाठी असतो. घरगुती सपाट स्कॅनर त्याच्या निम्म्याइतकाही खरा तपशील देत नाही. फाइल मात्र फुगते. आम्ही २४०० वर स्थिरावलो. हिशेब साधा आहे. ३५ मिलिमीटरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असते. २४०० ला तिच्यातून सुमारे ३४०० बाय २२७० ठिपके निघतात, म्हणजे पाऊण कोटीहून थोडे जास्त. १२० ची चौकोनी चौकट प्रत्यक्षात साधारण ५६ मिलिमीटरची. तिच्यातून २ कोटी ८० लाख ठिपके निघतात. एका जुन्या साध्या कॅमेऱ्यातली रुंद निगेटिव्ह किती सांगून जाते पाहा! सभेच्या एका फोटोत चौथ्या रांगेतील माणसाच्या खिशाला लावलेले पेन आम्हांला मोजता आले.

कृष्णधवल असेल तर १६ बिट ग्रे, रंगीत असेल तर ४८ बिट, आणि मूळ फाइल 'टिफ' या प्रकारात. वाटण्यासाठी जेपेग वेगळी काढावी. १२० ची एक कृष्णधवल फाइल अशी ५६ एमबीची होते. आमच्याकडे सहाशेच्या आसपास रुंद आणि अडीचशेच्या आसपास अरुंद, सगळे मिळून ३८ जीबी. हल्लीच्या मानाने हे काहीच नाही. म्हणून जागा वाचवण्यासाठी दर्जा कमी करू नये. स्कॅनरचे सॉफ्टवेअर चित्र आपोआप गडद आणि उठावदार करू पाहते, ती सोय बंद ठेवावी. मूळ स्कॅन फिकट, मिळमिळीत दिसला तरी चालेल. उठाव नंतर प्रतीत आणता येतो, पण जळून पांढरा झालेला सदरा परत आणता येत नाही.

धूळ हा या कामातला अर्धा वेळ खाते. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात. रबराचा फुगा मिळतो त्याने हवा मारावी, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा, हातात सुती मोजे घालावेत, पंखा बंद ठेवावा. उन्हाळ्यात पंखा बंद म्हणजे काय हे आमच्या बँकवाल्यांना विचारा! आणि एक सूचना खास स्टुडिओच्या निगेटिव्हसाठी आहे. काही चेहऱ्यांवर बारीक शिसपेन्सिलीच्या रेघा किंवा लालसर रंगाचे ठिपके दिसतील. ती घाण नव्हे. जुने कारागीर निगेटिव्हवरच पेन्सिल चालवून देवीचे व्रण, सुरकुत्या सौम्य करीत. तो त्यांच्या हाताचा कसब आहे, तो पुसू नये. आमच्या काकांचा हात या कामात फार हलका होता.

महागड्या स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढणारी एक सोय असते, 'डिजिटल आइस' म्हणून. ती अवरक्त किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधील रंग या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे अडवतात. म्हणून यंत्राला धूळ ओळखता येते. पण कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचे असते आणि चांदीही किरण अडवते. मग यंत्र माणसाच्या डोळ्यालाच धूळ समजून पुसू लागते. कोडाक्रोम स्लाइड्सनाही ही सोय नीट चालत नाही. तेव्हा आपल्या कामाला तिचा उपयोग थोडाच. त्यासाठी जादा पैसे घालू नयेत.

उलट-सुलट हा आणखी एक घोळ. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद असते. चुकीच्या बाजूने ठेवली की चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, आणि सहज ध्यानात येत नाही. आमच्या हातून एका लग्नाची अख्खी पट्टी उलटी गेली. पुरुषांच्या सदऱ्याचे खिसे उजवीकडे आले, ते कॉलेजातल्या मुलीने ओळखले. तेव्हापासून आम्ही फिल्मच्या कडेची इंग्रजी अक्षरे व आकडे पाहतो. ती सरळ वाचता आली म्हणजे आपण चकचकीत बाजूने पाहत आहोत आणि चित्र सुलट आहे. मागे फलक किंवा दुकानाची पाटी असेल तर प्रश्नच मिटतो.

ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांनी अडून राहू नये. पांढऱ्या पडद्याच्या मोबाइलवर किंवा टॅबवर निगेटिव्ह धरून दुसऱ्या मोबाइलने फोटो घेता येतो. मात्र निगेटिव्ह पडद्याला चिकटवू नये, पडद्याचे ठिपके उमटतात. मध्ये दुधी प्लॅस्टिकचा तुकडा आणि दोन-तीन बोटांचे अंतर ठेवावे. पेटीत काय आहे हे कळण्यापुरते हे पुरेसे आहे. रंगीत निगेटिव्ह उलटवल्यावर निळसर दिसते, कारण मूळ फिल्म नारिंगी असते. तो रंग सॉफ्टवेअरमध्ये काढावा लागतो.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण विद्यार्थ्यांसमोर लपवणे बरे नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे स्कॅन एकाच हार्ड डिस्कवर ठेवीत होतो. दुसरी प्रत पुढच्या महिन्यात काढू, असे चालले होते. त्याच सुमारास एक पाकीट उघडले ते आंबूस वासाने खोली भरून टाकणारे. त्यात तीन चौकटींची एकच पट्टी होती. वाकून नळीसारखी झालेली, कडेला फुटलेली. काकांच्या अक्षरात पाकिटावर 'दुष्काळी काम, १९७२' असे लिहिलेले. काचेखाली दाबून, दोन तास खटपट करून आम्ही ती स्कॅन केली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया होत्या. मधल्या चौकटीत एक बाई हातोडी खाली ठेवून कॅमेऱ्याकडे सरळ पाहते आहे, मांडीवर मूल आहे.

त्या दिवशी वाचनालयात एक आजी पेपर चाळायला आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ही माझी आई." आम्ही विचारले, "आजी, नक्की ना?" त्या म्हणाल्या, "अरे, आईला ओळखायला चष्मा लागतो होय?" त्यांच्या आईचा एकही फोटो घरात नव्हता. पुढच्या रविवारी नातीला घेऊन येते, एक मोठी कॉपी काढून द्या, असे सांगून त्या गेल्या.

पट्टीचा वास इतर पाकिटांना लागेल, म्हणून आम्ही ती त्याच संध्याकाळी टाकून दिली. स्कॅन झालेच आहे, आता हिचे काय काम, असा विचार केला. टाकून देण्याचा निर्णय आम्हां चौघांचा होता, कोणा एकाचा नव्हे. गुरुवारी हार्ड डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्याकडे नेली, दोन ठिकाणी नेली, काही निघाले नाही. सात रविवारांचे काम गेले. बाकीच्या पट्ट्या जागेवर होत्या, त्या पुन्हा स्कॅन केल्या. ती एक पट्टी पुन्हा स्कॅन करता येणार नव्हती.

रविवारी आजी आल्या. नात आली. त्यांना काय सांगितले ते येथे सांगत नाही. आजी काही बोलल्या नाहीत, एवढेच सांगतो. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. नंतर कळले की त्या दिवशी आमच्यातील मुलीने आजींचा चेहरा पडद्यासमोर मोबाइलमध्ये टिपला होता, आणि मागे पडद्यावर ते चित्र आले होते. तिरके, आडव्या रेघा पडलेले, पण आले होते. त्यातून जेवढे काढता आले तेवढे काढून दिले. ती कॉपी आज आजींच्या घरी भिंतीवर आहे. त्या रेघा जात नाहीत. आम्ही त्या घरी चहाला जातो तेव्हा खुर्ची शक्यतो त्या भिंतीकडे पाठ करून घेतो.

म्हणून आमचा नियम आता असा आहे की, निगेटिव्ह टाकायची नाही. वास येत असेल तर वेगळी ठेवायची, कागदी पाकिटात, हवा लागेल अशी. पण टाकायची नाही. स्कॅन म्हणजे निगेटिव्हची कॉपी आहे, निगेटिव्हची जागा घेणारी वस्तू नव्हे. आणि प्रती तीन: दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्याच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे जतन, अशी एक समजूत पसरली आहे. तेथे चित्र दाबून लहान केले जाते, दहा जणांकडून फिरून येईपर्यंत नाक-डोळे विरघळतात. निगेटिव्हज घराच्या आतल्या खोलीतील कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कागदाच्या पाकिटात ठेवाव्यात. स्वस्त पीव्हीसीच्या थैल्यांत नकोत.

अलीकडे मोबाइलवर जुना फोटो टाकला की तो रंगीत आणि लख्ख करून देणारी साधने आली आहेत. पुष्कळ घरांत असे फोटो आता फ्रेम करून लावलेले दिसतात. आमचे मत कटू वाटले तरी सांगतो. पुसट चेहऱ्यात जे दिसत नाही ते यंत्र मनाने भरते. डोळे दुसऱ्याचे, दात दुसऱ्याचे. लुगड्याचा रंग तर निव्वळ कल्पना. हौस म्हणून करा, पण मूळ स्कॅन वेगळा ठेवा आणि केलेल्या चित्रावर तसे लिहा. नाहीतर वीस वर्षांनी तुमची मुले भलत्याच माणसाला आजोबा म्हणतील.

स्कॅन करणे हे यात सोपे काम आहे. दर रविवारी चाळीस चौकटी होतात. त्या हिशेबाने आमची पेटी बावीस रविवारांत संपायला हवी होती. लागला त्याच्या तिपटीहून जास्त काळ, कारण नावे. नाव नसलेला फोटो म्हणजे कोणीतरी माणूस. आम्ही प्रत्येक चौकटीला पेटी, पाकीट, चौकट असा आकडा देतो, पाकिटावर पेन्सिलीने आणि फाइलच्या नावात तोच. मग वहीत कोण, कोठे, कधी, कशासाठी हे लिहितो आणि हे कोणी सांगितले तेही लिहितो. ज्येष्ठांमध्ये सालावरून जुंपते. एका मिरवणुकीच्या फोटोवरून दोघे सभासद हट्टाला पेटले, एक म्हणे अडुसष्ट, दुसरे म्हणे सत्तर. चित्र मोठे करून पाहिले तर मागच्या भिंतीवर 'पिंजरा'चे पोस्टर! 'पिंजरा' आला १९७२ मध्ये. दोघेही हरले, आणि दोघांनीही अजून ते मान्य केलेले नाही.

कोणते आधी करावे, असे विद्यार्थी विचारतात. एका सभासदांनी अजिंठ्याच्या स्लाइड्सचा विकत घेतलेला संच प्रेमाने आणून दिला आहे. तो लाल पडला आहे, तरी त्याला आम्ही शेवटी ठेवले आहे. अजिंठ्याची चांगली छायाचित्रे पुस्तकांत आहेत, नवीही घेता येतील. तुमच्या आत्याच्या लग्नाची निगेटिव्ह जगात एकच आहे. आधी वास येणाऱ्या, मग रंगीत, कारण रंग उडतात; मग ज्यांतली माणसे ओळखणारे म्हातारे झाले आहेत त्या, खरे तर याच सर्वांत आधी. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर कधी कधी धुतल्याचा महिना व साल छापलेले असते, ते वहीत उतरवावे आणि पुठ्ठा फेकू नये.

आणि विचारल्याशिवाय वाटू नये. पेटीत मयतीचे फोटो आहेत, रडणाऱ्या बायका आहेत, घरातील भांडणानंतर तुटलेली नाती आहेत. ज्या घरचे फोटो आहेत त्या घरी आधी दाखवायचे, ते म्हणतील तर पुढे. एका ताईंनी आपल्या लग्नाच्या चौकटी पाहिल्या आणि सांगितले, "ठेवा, पण कोणाला दाखवू नका." त्या ठेवल्या आहेत.

रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही येथेच असतो. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या मिठाईच्या डब्यात पट्ट्या असतील त्यांनी घेऊन याव्यात. पावती देतो, काम झाले की मूळ निगेटिव्हज परत देतो. विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे आले तर धूळ काढायला आणि नावे लिहून घ्यायला हात मिळतील.

आता मागचे दिवे मालवावेत. हा पडद्यावरचा फोटो पाकीट क्रमांक ४१ मधील आहे. शाळेच्या पायऱ्यांवर सोळा मुली आणि दोन शिक्षिका. अकरा मुलींची नावे मिळाली आहेत. खालच्या रांगेत डावीकडून तिसरी, जिच्या हातात पाटी आहे ती, आणि तिच्या मागच्या चौघी राहिल्या आहेत. मागे बसलेल्या आजींनी कृपया पुढे यावे. पायऱ्या सांभाळून, येथे वायर आहे.